छऱ्याची बंदूक : खेळणे, शस्त्र आणि खेळ

१

मराठीत शिकारकथेची परंपरा लहान नाही. भानू शिरधनकरांसारख्या लेखकांनी ती वाचकप्रिय केली. जिम कॉर्बेट आणि केनेथ अँडरसन यांची अनुवादित पुस्तके गावोगावच्या वाचनालयांत हातोहात फिरली. व्यंकटेश माडगूळकरांसारखा थोर लेखक शिकारीच्या वाटेनेच अरण्यात शिरला आणि पुढे बंदूक बाजूला ठेवून निरीक्षणाकडे वळला. या लेखनात बंदूक बहुधा आपल्या कुळशीलासह येते : ठासणीची, दुनळी, बारा बोअरची, अमुक बोअरची रायफल. शिकारकथाकार हत्याराचे वर्णन चवीने करतो, कारण त्याच्या कथेत हत्यार हे जवळजवळ एक पात्रच असते. परंतु शहरांतील आणि निमशहरांतील सामान्य माणसाने जी बंदूक प्रत्यक्ष हातात धरली, तिला या परंपरेत फारसे स्थान मिळालेले नाही. ती बंदूक म्हणजे छऱ्याची बंदूक, अर्थात एअरगन.

आम्ही ज्या डोंबिवलीत राहतो आणि शिकवतो, तेथील आमच्या पिढीने ही बंदूक प्रामुख्याने दोन ठिकाणी पाहिली. एक, जत्रेत किंवा चौपाटीवर फुगे लावलेल्या फळीसमोर. दोन, मे महिन्याच्या सुटीत खाडीकडे अथवा भातशेतांकडे निघालेल्या एखाद्या थोराड मुलाच्या खांद्यावर. पहिल्या ठिकाणी ती करमणूक होती. दुसऱ्या ठिकाणी ती होल्यांचा, साळुंक्यांचा, बगळ्यांचा मृत्यू होती. दोन्हीकडे बंदूक एकाच जातीची होती आणि तिच्याविषयीची मोठ्या माणसांची समजूतही एकच होती : हे खेळणे आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय ही समजूत आहे. ‘खेळणे’ या एका शब्दाने छऱ्याच्या बंदुकीच्या बाबतीत साहित्याला, कायद्याला आणि आपल्या विवेकबुद्धीला बराच काळ गाफील ठेवले, असे आमचे म्हणणे आहे. ते तपासायचे तर प्रथम या बंदुकीची घडण, म्हणजे तिची ताकद नेमकी कशात असते, हे पाहावे लागेल. साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रांत परका वाटेल. पण शब्दाचा अर्थ वस्तूपाशी जाऊन तपासण्याला पर्याय नाही.

२

हवेच्या दाबाने गोळी फेकणारे हत्यार मुळात खेळणे नव्हतेच. १७८०च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरार्दोनी नावाच्या कारागिराने घडविलेली एअर रायफल स्वीकारली. तिचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी होती. टाकी एकदा भरली की वीसएक गोळ्या पाठोपाठ झाडता येत, आणि दारू नसल्यामुळे धूर होत नसे. १८०४ ते १८०६ या काळात अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळणाऱ्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेतही एक एअर रायफल होती, आणि वाटेत भेटणाऱ्या मूलनिवासी जमातींवर छाप पाडण्यासाठी ती मुद्दाम उडवून दाखविली जाई. ज्या काळात साधा शिपाई एक बार काढून पुन्हा बंदूक ठासत बसे, त्या काळात हे हत्यार विलक्षणच होते.

तिचे खेळणे झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील एका पवनचक्की बनविणाऱ्या कंपनीने १८८८ पासून पवनचक्कीबरोबर एक छोटी एअरगन शेतकऱ्यांना भेट द्यायला सुरुवात केली. भेटवस्तूच इतकी लोकप्रिय झाली, की १८९५ साली कंपनीने आपले नावच त्या बंदुकीवरून ‘डेझी’ असे केले. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या बीएसए या शस्त्रे बनविणाऱ्या कंपनीने १९०५पासून एअर रायफली काढल्या. जर्मनीची ‘डायना’ही याच काळातली. वसाहतींच्या बाजारपेठा या मालाला उघड्याच होत्या.

या बंदुकीची रचना साधी. नळी बिजागरीवर ‘मोडायची’, त्यासरशी आतली जाड स्प्रिंग दाबली जाते. मागच्या तोंडाशी शिशाचा छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची. चाप ओढला, की स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते, दट्ट्या हवेला चेपतो आणि चेपलेली हवा छऱ्याला. छर्रा बहुधा कमरेत बारीक आणि मागे पोकळ असतो. मागचा घेर हवेने पसरून नळीच्या आतील पिळांना घट्ट बसतो, म्हणून छर्रा फिरत जातो आणि सरळ जातो.

शिकारीसाठी बनविलेली ‘उच्चशक्तीची’ एअर रायफल हिच्यापेक्षा वेगळी कशी? वर्षानुवर्षे जाहिरातदार वेगाचे आकडे सांगत आले आहेत, पण ताकद वेगाने मोजत नाहीत, ऊर्जेने मोजतात : छऱ्याचे वजन, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. सुमारे अर्ध्या ग्रॅमचा ४.५ मिलिमीटर छर्रा सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेगाने निघाला, तर ऊर्जा साडेसात-आठ जूल भरते. स्पर्धेतील एअर रायफल साधारण इतकीच असते. एक ग्रॅमचा ५.५ मिलिमीटर छर्रा २५० मीटर वेगाने निघाला, तर ती ३१ जूल होते. हवा आधीच सिलिंडरमध्ये २०० ते ३०० बार दाबाने भरून ठेवणाऱ्या आधुनिक रायफलींत बोअर वाढवत नेला, तर शेकडो जूलपर्यंत मजल जाते. अमेरिकेच्या काही राज्यांत अशा रायफलीने हरणाची शिकार कायदेशीर आहे. नुसता वेग वाढवून मात्र भागत नाही. छर्रा ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास गेला, की तो डळमळू लागतो आणि नेम बिघडतो. म्हणून जाणता शिकारी जड छर्रा आणि माफक वेग पसंत करतो.

ज्या देशांत एअर रायफलीने शिकार कायदेशीर आहे, तेथे या आकड्यांमागे एक नीतीही सांगितली जाते. अमुक प्राण्यासाठी अमुक इतकी ऊर्जा हवीच, अमुक अंतरापलीकडे चाप ओढू नये. कारण हत्यार कमी पडले, तर प्राणी मरत नाही, जखमी होऊन निसटतो. आता आपल्याकडच्या ‘खेळण्या’कडे पाहावे. थकलेल्या स्प्रिंगची, वाकड्या माशीची, दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या हातातली बंदूक आणि चाळीस पावलांवरचा होला. छर्रा लागला तरी तो होला बहुधा जागीच पडत नाही. पंखात किंवा पोटात शिसे घेऊन तो उडतो आणि कुठेतरी, कुणाच्या नजरेस न पडता, सावकाश मरतो. ताकदीच्या हिशेबात जी बंदूक निरुपद्रवी ठरते, ती वेदनेच्या हिशेबात अधिक क्रूर ठरते.

मराठी वाचकाला हा पक्षी अनोळखी नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या ‘केवढे हे क्रौर्य!’ या कवितेत घायाळ पक्षिणी आपल्या पिलांसाठी अखेरचा घास घेऊन घरट्यात परतते. कवितेचे सारे कारुण्य तिच्या तत्काळ न मरण्यावर उभे आहे. ती जागीच कोसळली असती, तर कविता घडली नसती. शिकारकथेला असा पक्षी परवडत नाही, कारण त्या कथेचा शेवट सावज पडल्यानेच होतो. निसटलेल्या जखमी वाघाची कथा होते, कारण तो परतून माणसावर चालून येईल ही भीती असते. निसटलेल्या होल्याची कथा होत नाही. बारा बोअरला कथा मिळाली आणि छऱ्याला मिळाली नाही, याचे एक कारण आम्हांला येथे दिसते.

३

छऱ्याच्या बंदुकीला जी एक थोर गोष्ट लाभली, ती मुंबईतच घडली, आणि ती साहित्यापेक्षा विज्ञानाच्या इतिहासात अधिक सांगितली जाते. सालीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६चा. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्यामुळे ते खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे वाढले. मामा स्वतः शिकारी होते आणि १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक होते. त्यांनीच भाच्याला एअरगन दिली. सुमारे १९०८ साली या मुलाने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका आढळला. ही कोणती चिमणी, हे मामांना सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला सोसायटीचे चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्ड यांनी ती पीतकंठी रानचिमणी असल्याचे ओळखले आणि कपाटे उघडून पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही त्या मुलाला दाखविला. पुढची हकिकत सर्वश्रुत आहे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राचे नावही सालीम अलींनी चिमणीच्या त्या पतनावरूनच ठेवले.

ही गोष्ट शाळेत गोड करून सांगितली जाते. त्याच आत्मचरित्रातील दुसरी एक नोंद मात्र पाठ्यपुस्तकाला तितकीशी सोयीची नाही. १९०६-०७च्या सुमारास तबेल्याच्या भिंतीतील भोकात एका चिमणीने घरटे केले होते. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर राखणीला. मुलाने उभ्या गाडीआड लपून नराला टिपले. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर मिळविला. तोही टिपला. सात दिवसांत त्याच जागी एकापाठोपाठ आठ नर पडले, आणि दर वेळी जणू नवा नर तयारच होता. लिहिणाऱ्याने ही नोंद पक्षिशास्त्रासाठी केलेली नव्हती. आपल्या नेमबाजीची बढाई म्हणून केलेली होती. पण पुढे तिच्यातच पक्ष्यांच्या वर्तनाविषयीचे एक अस्सल निरीक्षण सापडले : जोडीदार गमावलेल्या मादीला इतक्या लवकर नवा नर मिळतो, म्हणजे जोडीविना असलेले नर आसपास वावरत असले पाहिजेत.

आदिकाव्याच्या जन्मकथेत पारधी, पक्षी आणि पाहणारा असे तिघे वेगवेगळे आहेत. पाहणाऱ्याचा शोक होतो आणि शोकाचा श्लोक होतो. खेतवाडीच्या तबेल्यात पारधी आणि पाहणारा एकच मुलगा होता, म्हणून तेथे शोक झाला नाही, नोंद झाली. ही नोंद शोकाहून हीन मानण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. सालीम अली पुढे आयुष्यभर संग्रहासाठी पक्षी टिपत राहिले आणि शास्त्राला नमुने लागतात या मताला चिकटून राहिले. त्याच वेळी पक्ष्यांच्या रक्षणासाठी झटणारा त्यांच्या तोलाचा दुसरा माणूस या देशात क्वचितच झाला असेल. आठ नर मारले हे त्यांनी लपविले नाही, हाच त्या लेखनाचा मोठा गुण होय. टिळकांच्या कवितेत मारणाऱ्याला आवाज नाही. या नोंदीत मारणाराच बोलतो आहे.

परंतु या गोष्टीने एक नकळत अपायही केला. एअरगनने चिमण्या मारणारा मुलगा थोर पक्षितज्ज्ञ होतो, असा तिचा सोपा अर्थ लावता येतो. मिलार्ड भेटलेला मुलगा एक. मिलार्ड न भेटलेली मुले किती, याची गणती कोणी ठेवलेली नाही.

४

कायद्यानेही या बंदुकीकडे बराच काळ खेळणे म्हणूनच पाहिले. १९५९चा शस्त्र कायदा १९६२ साली नियमांसह अमलात आला, तेव्हा एअरगनला परवान्यातून सूट देण्यासाठी एक कसोटी ठरविण्यात आली. नळीच्या तोंडापासून पाच फुटांवर ठेवलेल्या, एक इंच जाडीच्या मऊ लाकडी फळीतून छर्रा आरपार जाता कामा नये. या कसोटीत उतरलेली बंदूक कोणालाही बाळगता येई. वस्तूचे शस्त्र असणे वा नसणे एका फळीवर ठरत होते. फळीच्या जागी होल्याची छाती असेल तर काय, हा प्रश्न शस्त्र कायद्याला पडण्याचे कारण नव्हते. तो माणसांच्या सुरक्षिततेसाठी केलेला कायदा होता.

१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा नेमका उलट बाजूने पाहतो. हत्यार कोणते, हे त्याच्या लेखी गौण आहे. त्याच्या व्याख्येत ‘शिकार’ म्हणजे वन्य प्राण्याला मारणे तर आहेच. त्याला जखमी करणे, पकडणे, त्याची अंडी अथवा घरटे बिघडवणे आणि असा प्रयत्न करणेही आहे. १९९१च्या दुरुस्तीनंतर परवान्याने शिकार करण्याची वाटही बंद झाली. पिकांची नासधूस किंवा मानवी जीविताला धोका अशा अपवादांत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनेच ती होऊ शकते. तात्पर्य असे, की सुटीतला तो मुलगा शस्त्र कायद्याने निर्दोष होता आणि वन्यजीव कायद्याने अपराधी. एका कायद्याने हत्यार पाहिले, दुसऱ्याने जखम. या दोन नजरांची गाठ पडायला अनेक दशके लागली.

या फटीचा लाभ कोणाला झाला, हेही इतिहासाच्या अभ्यासकाने विचारले पाहिजे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील विस्तारांनी पारध्यांसारख्या जमातींवर जन्मतःच संशयाचा शिक्का मारला. १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला गेला, पण फाशात तितर-लावे धरण्याचा फासेपारध्यांचा परंपरागत व्यवसाय १९७२नंतर गुन्हा ठरला. पोटासाठी पक्षी धरणारा पारधी पोलिसांच्या नजरेतून सुटला नाही. सुटीच्या विरंगुळ्यासाठी पक्षी मारणाऱ्या आमच्या सोसायट्यांतील, वाड्यांतील मुलांकडे मात्र फारसे कोणी वळूनही पाहिले नाही. दोघांमध्ये फरक कृतीचा नव्हता, तर एकाच्या हातातल्या वस्तूला आपण ‘फासे’ म्हणत होतो आणि दुसऱ्याच्या हातातल्या वस्तूला ‘खेळणे’, एवढाच होता. मराठीत ‘पारध’ आणि ‘शिकार’ हे दोन शब्द एकाच क्रियेसाठी असले, तरी पहिल्याला दारिद्र्याचा वास आणि दुसऱ्याला ऐटीचा, असा भेद आपण नकळत पाळत आलो आहोत. छऱ्याच्या बंदुकीला या दोन्ही शब्दांनी स्पर्श केला नाही, म्हणून ती भाषेच्याही तपासणीतून निसटली.

२०१६च्या शस्त्र नियमांनी फळीची जागा आकड्यांना दिली. ज्या एअर रायफलीची ऊर्जा २० जूलपेक्षा अधिक आहे किंवा जिचा बोअर ४.५ मिलिमीटरहून मोठा आहे, तिला परवाना लागतो. ब्रिटनमध्ये ही मर्यादा साधारण १६ जूलची आणि जर्मनीत साडेसात जूलची आहे, हे पाहिले म्हणजे आपली मर्यादा फार कडक म्हणता येत नाही. तरीही ‘शिकारीसाठी उच्चशक्तीची एअर रायफल’ हा शब्दप्रयोग भारतात आता जवळजवळ स्वतःलाच खोडतो : शक्ती वाढली तर परवाना हवा, आणि शिकार तर मुळातच बंद.

मात्र मर्यादेखालची बंदूकही रान रिकामे करू शकते, याची कबुली अरुणाचल प्रदेशाने दिली. तेथे मार्च २०२१मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातील लुमडुंग गावापासून एअरगन परत करण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काळात लोकांनी दोन हजारांहून अधिक बंदुका स्वेच्छेने जमा केल्या. ज्या वस्तूला आपण खेळणे म्हणतो, ती तेथे सरकारदरबारी आणि ग्रामसभांत गंभीर चर्चेचा विषय झाली. महाराष्ट्रात अशी चर्चा मोठ्या प्रमाणावर झाल्याचे आमच्या वाचनात नाही.

५

याच जातीच्या बंदुकीची आमच्या परिसरातील दुसरी वाट अधिक उजळ आहे. १० मीटर एअर रायफल हा प्रकार १९८४ साली लॉस एंजेलिसला ऑलिंपिकमध्ये आला. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयातील एनसीसीतून नेमबाजीकडे वळलेल्या अंजली वेदपाठक, म्हणजे पुढच्या अंजली भागवत, २००० साली सिडनीत या प्रकाराच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. २००४ साली सुमा शिरूर यांनी आशियाई स्पर्धेत ४००पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली. ऑक्टोबर २०२२मध्ये कैरो येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील याने वयाच्या अठराव्या वर्षी इटलीच्या डॅनिलो सोलाझोवर १७-१३ अशी मात करून सुवर्णपदक मिळविले. या प्रकारात जगज्जेता ठरलेला अभिनव बिंद्रानंतरचा तो दुसरा भारतीय. खोल छिद्रे पाडणारी यंत्रे बनविण्यात नाव कमावलेल्या ठाण्यातील प्रिसिहोल उद्योगाने एअर रायफलीही बनवायला घेतल्या, हेही येथे नोंदवण्यासारखे. बंदुकीची नळी म्हणजे अखेर पोलादात पाडलेले एक लांब, सरळ छिद्रच.

या रायफलीची वैशिष्ट्ये शिकारी रायफलीच्या अगदी उलट दिशेने वाढलेली दिसतात. शिकारी रायफल हलकी हवी, कारण ती खांद्यावर वागवायची असते. स्पर्धेची साडेपाच किलोपर्यंत जड चालते, कारण तिने थरथरता कामा नये. शिकारी रायफलीत ऊर्जा वाढवत नेतात. हिच्यात ती सात-आठ जूलवर थांबवून प्रत्येक छर्रा सारखाच जाईल याची काळजी घेतात. १० मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. होल्याची छाती त्याच्या शंभरपट रुंद. म्हणजे चिमणी मारण्यासाठी कधीच लागले नव्हते इतके कसब कागदाला भोक पाडण्यासाठी लागते.

मराठी भाषेने येथे आपल्याला एक सूक्ष्म भेद हाताशी दिलेला आहे. ‘खेळणे’ आणि ‘खेळ’ हे एकाच धातूचे शब्द. खेळण्याशी कसेही वागता येते. त्याला नियम नसतात, पंच नसतो, मोडले तरी हळहळ क्षणभराची. खेळाला अंतर असते, वेळ असतो, मोजणी असते, चूक दाखवणारा असतो. छऱ्याच्या बंदुकीचा मुंबई-ठाण्यातील शंभराहून अधिक वर्षांचा प्रवास या दोन शब्दांमधला आहे. १९०६-०७ साली खेतवाडीच्या तबेल्यात ते खेळणे होते. २०२२ साली कैरोत तो खेळ झाला. मधल्या काळात जे पक्षी मेले, ते या दोन शब्दांच्या फटीत मेले.

साहित्याचे अध्यापक म्हणून आम्हांला याचा एक व्यावहारिक अर्थ जाणवतो. ‘केवढे हे क्रौर्य!’ शिकवताना आपण करुणरसाची चर्चा करतो, मातृहृदयाची करतो, पण पक्षिणीला जखमी कोणी केले आणि तो मारणारा वर्गातल्या बाकांवर तर बसलेला नव्हता ना, हे विचारत नाही. त्या कवितेशेजारी सालीम अलींची ती आठ नरांची नोंद ठेवून दोन्ही एकत्र वाचायला द्याव्यात, असे आम्ही सुचवू. एकीत जखमी पक्षी आहे, दुसरीत बंदुकीमागचा मुलगा. शिकारकथेने जी बंदूक वर्णनाच्या लायकीची मानली नाही, तिची कथा या दोन मजकुरांच्या मध्ये अजून लिहायची राहिली आहे. आणि ती लिहिणाऱ्याला वाघाची गरज पडणार नाही.